पिवळ्या पाखराचं पोतं

आमच्या खानदानात पहिला पदवीधर मी, आणि पाखरांचं खाद्य खाणाराही पहिला मीच.

दोष सगळा माझा. आई पहिल्यांदाच चकलांब्याहून माझ्याकडं जर्मनीला दोन महिने राहायला निघाली, तेव्हा मी तिला न्यायला गेलतो. तिनं पिशवीत सगळ्यात वर ठेवला होता कारळाच्या चटणीचा डबा. (कारळं म्हणजे तिळाहून लांबट, काळंभोर, चकाकणारं बी. भाकरीवर ही चटणी आणि वर तेलाची धार असली, की आमच्याकडं भाजीला कुणी विचारत नाही.) पण शिकलेला मुलगा गप्प कसा बसेल? विमानतळावर मी म्हणालो, "आई, काळी पूड दिसली की विमानातनं उतरवतात!" सोडायला आलेल्या मामाच्या हाती डबा माघारी गेला. इथं पोचल्यावर कळलं, लोक ही चटणी किलोनं आणतात!

पाचव्या दिवशी आईनं ताट सरकवलं.

"माझं तिकीट काढ."

"कावून?"

"घास उतरंना बाबा. ह्या तुमच्या सॉसला ना वास ना चव. रईवारपस्तोर चटणी व्हती का बघ, न्हाईतर मी चालले."

म्हशीची धार काकूवर सोपवून, अख्ख्या गावाचा निरोप घेऊन आलेली बाई आठवड्यात परत गेली, तर गाव काय म्हणेल? लेकानं उपाशी धाडलं!

मी भारतीय किराण्याचं दुकान गाठलं. दुकानदारानं जेवढं काळं होतं तेवढं काढून दिलं. आई एकेक दाणा चिमटीत धरायची, दातानं फोडायची आणि निकाल द्यायची.

"हे कलौंजी. हे काळे तीळ. अन् हे कसलं, पाण्यात टाकलं की फुगून डोळे वटारतंय?"

"आई, कलौंजी कसली? पाकिटावर लिहिलंय, कारळंच आहेत ती!"

"पाकिटाला काय कळतंय? दाताला इचार."

तरी मी हट्टानं त्याच कलौंजीची चटणी केली. आईनं बोट लावून चाखली आणि म्हणाली, "ह्यानं जंत पडतील. ठिऊन दे, औषिदाला व्हईल."

शनिवार उजाडला. तिचं मन रमावं म्हणून मी तिला बागेच्या सामानाच्या दुकानात नेलं. कुंड्या, खुरपी बघत चाललेली आई एकदम थबकली. समोर पाच किलोचं पोतं, त्यावर पिवळ्या पाखराचं चित्र, आणि मधोमध पारदर्शक खिडकी.

"बाळू, कारळं!"

"आई, ते पाखरांचं आहे!"

"पाखरांनी पेरलंय का?"

गल्ल्यावरच्या बाईंनी कौतुकानं विचारलं, "किती पक्षी आहेत घरी?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन."

"लहान आहेत?"

"एक साठीचं आहे."

बाईंनी पोतं माझ्याकडं सरकवलं आणि घाईनं पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

घरी आईनं परातीत कारळं ओतली आणि तास-दीड तास निवडत बसली. शेवटी परात माझ्यापुढं सरकवली. "एक खडा न्हाई! पाखरांसाठी इतकं निवडून देतेत? लई मोठ्या मनाची माणसं हायेत रं!" जर्मनीतले रस्ते, रेल्वे, पूल, कशानंच तिचे डोळे मोठे झाले नव्हते. ते झाले पाखरांच्या दाण्यानं! मग दोनदा धुऊन, उन्हात कापडावर पसरून तिनं ती वाळवली. रविवारी दुपारी तवा तापला.

"किती मिनिटं भाजायचं?" मी मोबाईलवर वेळ लावायला बसलो.

"मिन्टं कशाची? आईक."

तिनं डोळे मिटले. तव्यात आधी बारीक तडतड झाली, मग आवाज दाटला, मग एकदम हलका झाला. त्याच क्षणी तिनं तवा उतरवला. मी दाणा चावला, आणि चावतच राहिलो. तोच वास, तोच किंचित कडवट खमंगपणा. मी यंत्रांच्या आवाजावरून बिघाड ओळखायला चार वर्षं कॉलेजात घालवली, आणि ही बाई डोळे मिटून दाण्याचं ऐकत होती!

आता राहिली मिरची. आईनं ओंजळभर लाल मिरच्या तेलात टाकल्या. मला असा ठसका लागला, की खिडकी कुठं आहे तेच दिसेना. तेवढ्यात छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायला लागला.

"आरं, कोण मेलं?" आई ओरडली.

दार वाजलं. शेजारच्या हेल्गाबाई, सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, तोंडाला रुमाल लावून उभ्या. त्यांनी तवा बघितला. पिवळ्या पाखराचं अर्धं पोतं बघितलं. मग मला बघितलं, वरपासून खालपर्यंत. हळहळत मान हलवून त्या निघून गेल्या.

लसूण, जिरं, मीठ घालून आईनं चटणी वाटली. दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मोडली आणि म्हणाली, "तिकिटाचं ऱ्हाऊ दे आता." मी सुटलो!

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी पिशवी. आत पाच किलो बटाटे, पाव, लोणी आणि एक चिठ्ठी: 'लाजू नका. दिवस सगळ्यांचेच बदलतात. आईला पोटभर जेवू घाला. हेल्गा.'

"काय लिव्हलंय?" आईनं बटाटे चाचपत विचारलं.

घरातला पहिला पदवीधर, मोठ्या कंपनीतला इंजिनिअर, दारात स्वतःची गाडी असलेला मी, चिठ्ठी उलटसुलट करत म्हणालो, "आई, अक्षर लागंना."

आईनं सुरी हातात घेतली आणि पहिला बटाटा सोलायला सुरुवात केली. "मंग एवढं शिकून काय उपेग? जा, वाटीभर चटणी दिऊन ये त्या बाईला. बिचारीला लिव्हताबी येत न्हाई नीट."