मैनाबाईंची मरून रेघ

मैनाबाई पराते रागावलेल्या नाहीत, असा दिवस आमच्या शाळेत सतरा वर्षांत मी पाहिला नाही. सकाळी सातला त्या फाटकाच्या आत नळाशेजारी उभ्या असत. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, डब्यात सुया, दोरे, बटणं आणि काळ्या रिबिनी. प्रार्थनेची घंटा सात वीसला. त्या वीस मिनिटांत जेवढी पोरं सापडतील तेवढ्यांना त्या झापत आणि झापता झापता शिवत.

"काहून वं, बटन नाश्त्यात खाल्लं का?"

"मावशी, बसमध्ये तुटलं."

"बस तुले काय बटन तोडाले बोलावते? सीधी उभी राह्य. हालली तर चामडी शिवून टाकीन."

कागदोपत्री त्या सफाई कामगार होत्या. मुलांचे कपडे शिवण्याचं काम त्यांना कोणी दिलं नव्हतं. पण आमच्या शाळेत शिस्त कपड्यांपासून सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच संपते, त्यामुळे ही बाई नसती तर निम्मी शाळा रोज डायरीत लाल शेरा घेऊन घरी गेली असती. नखं, वेण्या, मोजे, पट्टा सगळं तपासलं जातं. पाच शेरे झाले की विद्यार्थी मदत कक्ष. दहा झाले की दाखला.

त्या पाचपावली वस्तीतल्या, कोष्ट्यांच्या घरातल्या. वडिलांचा हातमाग होता. मैनाबाई तिसरीपर्यंत शिकल्या आणि मग मागावर बसल्या. लुगडी कोणी घेईना झालं तेव्हा माग भंगारात गेला आणि मैनाबाई झाडू घेऊन आमच्या शाळेत आल्या. बोटं मात्र मागावरचीच राहिली. कापड चिमटीत धरून त्या ते किती धुण्यांत मरेल हे सांगत, आणि त्यांचं म्हणणं खरं ठरे.

गेल्या जूनमध्ये शाळेनं गणवेश बदलला. म्हणजे बदलला असं म्हणणं धाडसाचं आहे. मुलींच्या निळ्या-पांढऱ्या चौकडीच्या स्कर्टवर प्रत्येक पांढऱ्या पट्ट्यात एक उभी मरून रेघ आली. हे कापड एकाच दुकानात मिळणार होतं. परिपत्रकात म्हटलं होतं की नव्या गणवेशामुळे विद्यार्थ्यांत एकात्मता निर्माण होईल. मुलांच्या पॅन्टला एकात्मतेची गरज नव्हती, ती तशीच राहिली. मुदत दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. नंतर रेघ नसेल तर रोज एक शेरा.

मैनाबाईंनी दुकानातला पहिला स्कर्ट चिमटीत धरला आणि म्हणाल्या, "रंग कच्चा आहे." कोणी विचारलं नव्हतं, म्हणून कोणी ऐकलंही नाही.

नववी 'ब'मध्ये काजल नावाची मुलगी आहे. वडील बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात होते. कारखान्याची एक पाळी बंद झाली आणि त्या पाळीत ते होते. काजलचा जुना स्कर्ट धडधाकट होता, फक्त त्यावर एकात्मता नव्हती. दिवाळीनंतर तिला सोमवारी एक शेरा मिळाला, मंगळवारी दुसरा. शुक्रवारी पाच झाले आणि पुढच्या सोमवारपासून पहिल्या तासाला तिची रवानगी मदत कक्षात होऊ लागली.

हा कक्ष त्याच वर्षी फीत कापून उघडला होता. आत सोफा आहे, सूर्योदयाचं पोस्टर आहे, पाण्याचा जार आहे. समुपदेशक मंगळवारी येतात असं दारावर लिहिलं आहे. कोणत्या मंगळवारी, ते लिहिलेलं नाही. तिथे मुलांना आधार दिला जातो, म्हणजे वर्गाबाहेर बसवलं जातं. नववी 'ब'चा पहिला तास गणिताचा असतो.

त्या आठवड्याच्या शुक्रवारी मैनाबाई कक्ष झाडायला गेल्या, तर काजल सोफ्यावर. मधे एक दिवस सुट्टी आली होती, म्हणून नऊच शेरे झाले होते.

"तू येथी काय करून राहिली वं?"

"माझा सपोर्ट चालू आहे, मावशी."

मैनाबाईंनी तिच्या स्कर्टचा काठ उचलून पाहिला. "इतका चांगला कपडा! सोमवारी काय होते मंग?"

"दहावा. पियूष सर बोलले, दाखला घेऊन जा."

पियूष सर म्हणजे आमचे शिस्तप्रमुख. वय तीस, गळ्यात शिट्टी. ते बोलले ते खोटं नव्हतं. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढायला कायदा आडवा येतो. नववीत कायदा संपतो आणि आमची शिस्त सुरू होते.

"उद्या शनिवार, पीटीचा ड्रेस," मैनाबाई म्हणाल्या. "स्कर्ट माह्या घरी आणून दे. आन् रडू नको, आत्ताच फरशी पुसली मी."

शनिवारी दुपारी पाचपावलीच्या दारात बसून त्यांनी स्कर्टच्या चुण्या उसवल्या. प्रत्येक पांढऱ्या पट्ट्यातला एक उभा धागा टोकाकडून सुटा केला, त्याला मरून दोरा बांधला आणि पांढरा ओढत मरून आत घेतला. दोरा मशीनचा होता, पक्क्या रंगाचा. हे भरतकाम नव्हे. हे विणलेल्या कापडात शिरून ते पुन्हा विणणं आहे. दोन दिवस उजेड असेपर्यंत त्या हे करत होत्या, आणि शेजारच्या मीराबाईंच्या सांगण्याप्रमाणे सबंध वेळ शाळेच्या खानदानाचा उद्धार चालू होता.

सोमवारी पियूष सरांनी काजलचा स्कर्ट पाहिला आणि म्हणाले, "गुड. बघा, मनात आणलं की जमतं."

काजल गणिताच्या तासाला बसली. आठवड्याभरात तिच्या वर्गातली पिंकी आली, मग तिची बहीण, मग आठवीतल्या दोघी. नाताळापर्यंत अकरा स्कर्ट झाले.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो मैनाबाईंच्या हातून, आणि तो असा की त्यांचं काम फार चांगलं झालं. जानेवारीत शाळा उघडली तेव्हा दुकानातल्या स्कर्टांची रेघ धुवून धुवून फिक्कट गुलाबी झाली होती, आणि गुलाबी पाणी शेजारच्या पांढऱ्यात उतरलं होतं. सबंध शाळेत ठरलेल्या रंगाची रेघ फक्त अकरा मुलींच्या अंगावर होती. पियूष सरांना फसवणूक लगेच ओळखू आली. जो गणवेश नियमाप्रमाणे दिसत होता, तोच खोटा होता.

शाळा मिशनची, मुख्याध्यापक फादर; त्यांच्या खोलीत बैठक झाली. मलाही बोलावलं, कारण मैनाबाईंना समजेल असा कागद मराठीत करायचा होता आणि मराठी मी शिकवतो. फादर भले गृहस्थ आहेत. त्यांचा त्रास इतकाच की त्यांना दोन्ही बाजू पटतात.

टेबलावर दोन स्कर्ट होते. एक काजलचा, दुसरा दुकानातून आणलेला कोरा. दोन्ही सारखेच धुतलेले असावेत म्हणून पियूष सरांनी तो मुद्दाम पाण्यातून काढून वाळवला होता.

"फादर," मैनाबाई म्हणाल्या, "यातला दुकानाचा कोणता, तुम्हीच सांगा."

फादरांनी चष्मा लावला. दोन्ही हातात घेतले. काजलचा उचलून म्हणाले, "अर्थात हा."

पियूष सर खोकले. "फादर, तो नाही."

"नाही?" फादरांनी स्कर्ट उलटा करून पाहिला. "उत्तम काम आहे."

"मुद्दा कापडाचा नाही, फादर. प्रामाणिकपणाचा आहे. या बाईंनी अकरा मुलींना शाळेला फसवायला शिकवलं."

"फसवलं?" मैनाबाईंचा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला असावा, कारण बाहेर घंटा द्यायला उभी असलेली पोरं गप्प झाली. "ज्यानं दोन धुण्यात मरणारा कपडा विकला, त्याले तुम्ही कोण्या सोफ्यावर बसवलं, सर? पोरीले नऊ दिवस छळलं एका धाग्यासाठी. तो धागा म्या घालून देल्ला तर चोर मी? मले रेघ दाखवली, म्या रेघ ओढली. तुमची गेली, माही राहिली. यात फसवलं कोणं कोणाले?"

मला मैनाबाईंच्या बाजूनं एक वाक्य सुचलं होतं, चांगलंही होतं, पण मी ते बोललो नाही. ते मी आता लिहून ठेवण्यात अर्थ नाही.

पियूष सरांनी नियमावली उघडली. मुलींनी जाणूनबुजून खोटा गणवेश घातला असेल, तर प्रत्येकीला एक शेरा. दहा मुलींना त्यानं काही होत नव्हतं. काजलचा तो दहावा. मुलींना काही माहीतच नसेल, तर मात्र जबाबदारी करणाऱ्याची.

"म्हंजे पोरीले मालूम नव्हतं असं म्या लिहून देल्लं, तर थे राहते?" मैनाबाईंनी विचारलं.

"तसं झालं तर, हो."

"आन् मी जाते."

यावर फादर खिडकीबाहेर पाहू लागले. खरं म्हणजे शाळेनं त्यांना काढण्याचा प्रश्नच नव्हता, एक फोन पुरे होता. मैनाबाई शाळेच्या नव्हत्याच, सफाईच्या एजन्सीच्या होत्या. सतरा वर्षांत ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. त्या दिवशी सगळ्यांच्या एकदम आली.

"लिहा," मैनाबाई मला म्हणाल्या. "शुद्ध लिहा, मास्तर. उद्या कोणी काजलले पुन्हा त्या सोफ्यावर नेलं नाही पाह्यजे."

मी लिहिलं, 'विद्यार्थिनींना या प्रकाराची काहीही कल्पना नव्हती.' प्रामाणिकपणाच्या त्या सबंध प्रकरणात ठरवून लिहिलेलं खोटं वाक्य एवढंच, आणि ते शाळेच्या लेटरहेडवर मी टाइप केलं. मैनाबाईंनी सही केली. जाताना त्यांनी टेबलावरून काजलचा स्कर्ट उचलला, घडी केली आणि पियूष सरांच्या शर्टाकडे बोट केलं.

"तिसरं बटन लोंबून राहिलं. डबा नेऊन राहिली मी. आता पाहा तुमचं तुम्ही."

दुसऱ्या दिवसापासून नळाशेजारी एजन्सीची दुसरी बाई आली. तिच्याकडे डबा नाही. बटणाचे शेरे वाढले आहेत आणि मदत कक्षात दुसरा सोफा आला आहे.

एप्रिलमध्ये शाळेचा वार्षिक अहवाल निघाला. विद्यार्थी मदतीच्या पानावर छापलं आहे: 'अकरा गरजू विद्यार्थिनींना गणवेश सुधारून देण्यात आला.' कोणी दिला, ते छापलेलं नाही. शेजारी फोटो आहे. त्यात अकराजणी पायरीवर उभ्या, मधोमध पियूष सर.

काजल नववी पास झाली. तो अहवाल घेऊन ती पाचपावलीला गेली. मीही तेव्हा तिथे होतो; त्या कागदाची भरपाई करायला नव्हे, नुसताच गेलो होतो. डबा दारात उघडा होता आणि रांगेत तीन पोरी बसल्या होत्या.

"मावशी, बघ ना, यात तुझं नावच नाही!" काजल चिडून म्हणाली. "कसे लोक आहेत!"

मैनाबाईंनी पान हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ पाहिलं. मग फोटोतल्या एका मुलीवर सुईचं टोक टेकवलं.

"हे पिंकी होय ना? हिची कडेची रेघ तिरपी गेली वं. तिले सांगजो, शनिवारी घेऊन ये म्हणा. शाळेत काय, आंधळे बसले आहेत सारे?"