डाव्या खिशातले चिंचोके

नीलम्माने राजीनामा लिहिला तो एका ओळीचा. ‘घरगुती कारणास्तव मी नोकरी सोडत आहे.’ खाली सही. लातूरच्या एका खाजगी दवाखान्यात सोळा वर्षं नर्स म्हणून उभं राहिल्यावर दुसरी ओळ लिहायला तिच्यात जोर उरला नव्हता.

तिचं सासर आणि माहेर एकाच गल्लीत. ड्युटीवरून येताना ती रोज माहेरच्या ओसरीवर घडीभर टेकायची. त्या दिवशी टेकली आणि कागद वडिलांच्या हातात दिला. वडील बसलिंग, घरात सगळे अप्पा म्हणत. चाळीस वर्षं मोंढ्यात धान्याची पोती वाहिलेला माणूस. आता गुडघे बसले होते, डोळे शाबूत होते. शेजारी आई चिंच फोडत होती, आणि तिच्या पुढ्यात चिंचोक्यांचा ढीग साचला होता.

अप्पांनी ओळ वाचली. कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली.

“घरगुती कारण म्हंजे? जावईबापू काही म्हणले का?”

“न्हाई.”

“सासू?”

“न्हाई अप्पा. तसंच लिहितात. या वर्षात सहा जणी सोडून गेल्या, सहाही जणींनी हेच लिहिलं.”

“मंग सहा घरांची फुकट बदनामी झाली की!” अप्पा म्हणाले. आई हसली. अप्पा हसले नाहीत. “खरं कारण लिही. मी अडवणार न्हाई.”

“थकले. हेच कारण.”

“कशानं?”

“कामानं.”

“कुठल्या कामानं?”

 नीलम्माने न विचारलेलंच सांगितलं. तिच्या वॉर्डात नागम्मा नावाची म्हातारी होती, निलंग्याच्या पलीकडची, सीमेवरची. साखरेमुळे पायाला जखम झालेली. महिनाभर तरी हलता येणार नव्हतं. सकाळी म्हातारीने हाक मारली होती, “नीर कोडव्वा.” पाणी दे गं बाई. नीलम्माच्याही घरात आजीपासून कानडी. ती “आले हं” म्हणाली आणि खाली औषधं आणायला गेली. तिथून बिलाच्या खिडकीवर, तिथून चादरींसाठी. परत म्हातारीपाशी पोचली तेव्हा दीड तास झाला होता. म्हातारीचे ओठ सुकून पांढरे पडले होते, आणि ती मुकाट छताकडे पाहत होती.

“रागावली असती तरी बरं वाटलं असतं,” नीलम्मा म्हणाली. “माझ्याच बोलीत पाणी मागितलं तिनं. मी पिको-फॉल करीन घरी बसून. पण असलं हातून नको.”

 अप्पांनी ढिगातून ओंजळभर चिंचोके उचलून तिच्या पदरात टाकले.

“उद्या खेपा मोज. एक खेप, एक चिंचोका. मोंढ्यात आम्ही तसंच करायचो. दमलो म्हणून सांगायचं तर किती वाहिलं ते आधी माहीत पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने खिसा ओसरीवर रिकामा केला. एकशे बारा.

“यात पेशंटपाशी गेलेल्या किती?”

“ते कसं सांगू? सगळे एकात टाकले.”

“मंग मोजलंस काय? तूर आणि खडे एकाच पोत्यात भरून वजन सांगून राहिलीस. पेशंटपाशी गेलीस ती खेप न्हाई, ते तुझं काम हाय. दोन खिसे हायत ना अंगातल्या कोटाला? उजव्यात काम, डाव्यात खेप. आणि अर्धा जिना उतरून परत फिरलीस तर ते मोजायचं न्हाई. पुरी खेप.”

नीलम्माला राग आला. आठ ते दोन पायांवर उभं राहून आलेल्या बाईला असं बोलतात? पण खिसे दोन होते हे खरं.

तिसऱ्या दिवशी उजव्या खिशातून एकेचाळीस निघाले. डाव्यातून सत्त्याहत्तर.

ती त्या दोन ढिगांकडे पाहत राहिली. औषधाचं दुकान तळमजल्यावर, वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट फक्त पेशंटसाठी. सहासष्ट पायऱ्या. रक्ताच्या बाटल्या लॅबला नेणं, फाईल खिडकीवर देणं, चाकाची खुर्ची शोधत फिरणं. यातलं एकही काम तिला कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. सोळा वर्षं ती ज्याला नर्सिंग समजून कंटाळली होती, त्यातलं निम्म्याहून जास्त नर्सिंग नव्हतंच.

“अप्पा, मला हे सोडायचं नव्हतं,” ती उजव्या ढिगावर हात ठेवून म्हणाली.

“आम्ही बी मोंढा सोडला न्हाई,” अप्पा म्हणाले. “आमच्या आडतीवर शंभर किलोचं पोतं होतं. एक दिवस सगळ्यांनी मिळून पाठीवरचं खाली ठेवलं. ठेवलं, फेकलं न्हाई. मालकाला आठ दिवस आधी सांगून ठेवलं. फेकलं असतं तर माल सांडला असता, आणि दोष आमचा झाला असता. पुढं पन्नासचं आलं.”

वॉर्डात आळीपाळीने सहा सिस्टर होत्या. सगळ्यात धाकटी आरती, हिमायतनगरची. तिचाही कागद पर्समध्ये तयार होता. नांदेडला मामाच्या मेडिकलवर बसायचं ठरवलं होतं. नीलम्माने सहाही जणींना चिंचोके वाटले तेव्हा आरती म्हणाली, “दीदी, लोक म्हणतील सिस्टर लोक चिंचोक्यानं खेळून राहिल्या.”

“म्हणू दे. आठ दिवस मोज. मग जा नांदेडला, डबा मी करून देते.”

आठवड्याच्या मध्यावर आरतीच्या डाव्या खिशातून एकशे तीस निघाले. नीलम्माने भुवया उंचावल्या.

“अगं, इतक्या खेपा घोड्याच्या बी होत न्हाईत.”

“फोनवर बोलले ते बी धरलं दीदी. आणि थोडे असेच. भारी दिसायला पाहिजे ना साहेबाला!”

“ओत ते. तुझा दिवस रद्द. तुझा एक जास्तीचा सापडला की आपल्या सहा जणींचे सगळे खोटे ठरतील.”

आरतीने तोंड पाडलं, पण दुसऱ्या दिवशीपासून तिची मोजणी नीलम्मापेक्षा कडक झाली. पुढे तीच इतरांना टोकायला लागली, “ताई, अर्धा जिना धरायचा न्हाई हं.”

आठव्या दिवशी नीलम्मा सलाईनच्या दोन रिकाम्या बाटल्या, तोंडं कापून, मुकुल सरांच्या टेबलावर घेऊन गेली. मुकुल सर दवाखान्याचे मॅनेजर. माणूस वाईट नव्हता. खुर्चीतून जिना दिसत नव्हता इतकंच. एका बाटलीत सहा जणींचे एका दिवसाचे उजवे चिंचोके, ती जेमतेम निम्मी भरली होती. दुसरी गळ्यापर्यंत.

“हे काय सिस्टर, चिंचेचा व्यापार?”

“उचलून बघा सर.”

त्यांनी दोन्ही उचलल्या.

“हलकी आहे ती पेशंटची. जड आहे ती जिन्याची. पुढच्या सोमवारपासून जड बाटली आम्ही खाली ठेवणार. आज सोमवारच आहे, म्हणजे आठ दिवस आधी सांगितलं. पेशंटचं एकही काम थांबणार नाही. अचानक कुणाची तब्येत बिघडली तर आम्हीच पळू, ते आमचं.”

“आणि रोजची औषधं वर कशी येणार?”

“ते मी सोळा वर्षांत कधी विचारलं नाही, आणत गेले. म्हणून प्रश्न तुमच्यापर्यंत आला नाही.”

मुकुल सरांनी ड्रॉवरकडे पाहिलं. “तुम्ही तर राजीनामा देणार होतात म्हणे. घरगुती कारण.”

“सहा कागद आहेत ना तुमच्याकडे तसले? त्या सहा जणींच्या घरात काही झालेलं नव्हतं सर. आणि सातवा मी लिहिला होता, माझ्याही घरात सगळं ठीक आहे.”

 सरांनी बाटल्या ठेवून घेतल्या. आठवडाभर वरून काही निरोप आला नाही.

सोमवारी नऊला वॉर्डातला फोन वाजला. औषधाच्या दुकानातून. “खोकं तयार आहे, सिस्टरला पाठवा.”

“सिस्टर पेशंटपाशी आहेत. खोकं वर पाठवा.”

“आमच्याकडे माणूस नाही.”

“मॅनेजर साहेबांना विचारा,” म्हणून नीलम्माने फोन ठेवला.  दहाची इंजेक्शनं होती. साडेनऊ वाजले. तिने मनात ठरवलं, पावणेदहापर्यंत थांबायचं, मग स्वतः जायचं. पेशंटवर हे शेकवायचं नाही. आरती दारात उभी राहून जिन्याकडे पाहत होती.

“दीदी! साहेब येऊन राहिले! खोकं घेऊन!”

मुकुल सर खरंच येत होते. शर्ट पाठीला चिकटलेला. खोकं टेबलावर ठेवून त्यांनी भिंतीला हात टेकला. नीलम्माने त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि हसू दाबून ब्लडप्रेशरचा पट्टा दंडाला गुंडाळला.

“एक,” आरतीने मोठ्याने मोजलं आणि सरांच्या खिशात चिंचोका टाकला. डाव्या.

वॉर्ड हसला. सर आधी लाल झाले, मग त्यांनाही हसू आलं. पण आरती हटली नाही. “सर, सलाईनचं खोकं राहिलं खाली.”

त्या दिवशी सर तीन वेळा चढले. चौथ्यांदा चढले नाहीत. दुपारी त्यांनी बाहेर गाड्या राखायला बसवलेले दोन मामा, म्हणजे शिपाई, वॉर्डाला दिले आणि पाटी लावली: औषधं नऊ, अकरा आणि एक वाजता वर येतील. लॅबचं सामानही मामाच नेतील.

वॉर्डात दर पाळीला दोनच सिस्टर, तिसरी पाहिजे, ती अजून मिळालेली नाही. त्याचा अर्ज नीलम्माने लिहिला तो राजीनाम्याच्याच मागच्या बाजूला, कोरा कागद कशाला वाया घालवायचा म्हणून. या वेळी एका ओळीत भागलं नाही. पान भरलं. खाली सहा सह्या झाल्या. आरतीची सही सगळ्यात मोठी.

मंगळवारी सकाळी नीलम्मा नागम्मापाशी गेली तेव्हा पेला आधीच हातात होता. म्हातारीने मान उचलली, पाणी प्याली, आणि नीलम्माला सोडलंच नाही. मनगट धरून जावयाची, म्हशीची, मोडलेल्या बंधाऱ्याची सगळी हकीकत कानडीत सांगितली. नीलम्मा स्टुलावर बसून ऐकत होती. ऐकता ऐकता तिने पायाची पट्टी सोडली, जखम धुतली, नवी पट्टी बांधली. कडेने लाल, निरोगी मांस येत होतं. आधी तिला ते दिसलंच नव्हतं. पट्टी बदलून पळायची घाई असायची.

दुपारी ओसरीवर तिने खिसे रिकामे केले. डाव्यातून सहा. उजव्यातून इतके आले की शिवण उसवून काही खाली घरंगळले. आईने सुई-दोरा काढला.

अप्पांनी उजवा ढीग तळहाताने तोलला.

“दमलीस?”

“हाव. लई.”

“कशानं?”

“कामानं,” नीलम्मा म्हणाली, आणि या वेळी कुठल्या ते त्यांनी विचारलं नाही. त्यांनी गुडघ्यावर हात टेकून उठत तिच्यासाठी माठातलं पाणी आणलं. ती ओसरीवरच आडवी झाली. आई तिच्या अंगातल्या कोटाच्या खिशाला टाके घालत राहिली, दुहेरी दोऱ्याने.