थिओफिलसची साक्ष

माझा थोरला भाऊ थिओफिलस पोलिसात लागला तेव्हा सगळं गाव हसलं. एवढा धिप्पाड गडी, पण कोंबडी कापायची तर शेजारणीला बोलावणार. मी मात्र हसले नाही, त्याच्याच नोकरीवर आमची चूल पेटायची.

आम्ही बायका आमच्या प्रार्थनेची म्होरकी मदर इफिजीन, तिच्या खोपटात देवाला हाक मारायचो. डोक्याला फडकी बांधून, घंटा वाजवून, चांगली मोठ्यानं. इंग्रज सरकारनं कायदा करून आख्ख्या त्रिनिदादमध्ये नेमकं तेच बंद केलं. देवाचं नाव घेणारा गुन्हेगार, काय म्हणावं या अकलेला!

एका रविवारी सार्जंटनं थिओलाच धाडलं. दारातून म्हणाला, "मदर, सरकारचा हुकूम आहे. थांबवा."

"थांबवते हं बाळा, एवढं गाणं होऊ दे. आणि आत यायचं तर बूट बाहेर काढ."

बावळटानं खरंच बूट काढले. आम्ही डोळे मिटून, घंटेच्या दणदणाटात गाणं पुरं केलं. डोळे उघडले तर हा अनवाणी उभा, हातात वही. सहा जणींची नावं लिहिली, त्यात माझंही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला इतका संताप आला, की त्याला जेवायला वाढलं नाही.

खटल्यात साक्षीदार तो एकटाच. 'काही ऐकलं नाही' म्हणाला की आम्ही सुटणार. त्या सकाळी मी म्हटलं, "एक थाप मार रे. देव समजून घेईल."

"बायबलवर हात ठेवून? नाही गं झिल्मा, मला नाही जमायचं."

"मग घाल बहिणीला तुरुंगात, आणि स्वतः सार्जंट हो."

त्यानं कोको संपवला आणि पट्टा बांधला.

कोर्टात मॅजिस्ट्रेटनं विचारलं, "प्रार्थनेत कोण कोण सामील होतं?"

थिओनं एकेक नाव घेतलं. माझंही घेतलं. मी मान खाली घातली.

"एवढेच?"

"नाही साहेब. सातवा मी. टोपी काढून शेवटची दोन कडवी मीही गायलो. मोठ्यानं."

"नीट विचार करून बोल."

"तोच करतोय, साहेब, रविवारपासून."

तिथल्या तिथं त्याचा पट्टा न् टोपी काढून घेतली आणि त्याला आमच्यात आणून उभं केलं. आरोपीच्या पिंजऱ्यात आधीच दाटी होती.

"सरक की गं जरा," तो मला म्हणाला.

मी सरकले.