सुनंदाच्या शेजारची खुर्ची

कुवेतमध्ये रविवार शुक्रवारी येतो.

यात विनोद काही नाही. इथं सुट्टी शुक्रवारची, म्हणून आम्हा ख्रिस्ती लोकांची उपासनाही शुक्रवारची. जालन्याहून नवा आलेला माणूस पहिले काही महिने गोंधळतो, मग सरावतो. मी मात्र कधीच सरावलो नाही, कारण शुक्रवार हाच माझ्या धंद्याचा दिवस! शुक्रवारच्या बाजारात माझा जुन्या फर्निचरचा गाळा होता. देश सोडून जाणाऱ्याकडून सोफा रडत घ्यायचा आणि देशात नव्यानं येणाऱ्याला तोच हसत विकायचा. (रडायचंही मीच आणि हसायचंही मीच. समोरच्याला दोन्हीपैकी काही करू द्यायचं नाही, हा धंद्याचा नियम!)

माझी बायको सुनंदा दर शुक्रवारी एकटी चर्चला जायची. शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवायची. कुणी विचारलं की सांगायची, "ते येतायत." आमच्या मराठी मंडळीत अशी पोरं आहेत, की जी त्या पर्सलाच साळवेकाका समजत मोठी झाली.

मग मी साठी ओलांडली. पुढं इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, वाढवून घ्यायचा म्हणजे कटकट. मुलगी म्हणाली, "बस झालं, बाबा, आता घरी या." मे महिन्यात कायमचं जालन्याला जायचं ठरलं आणि मी गाळा विकून टाकला. हातात थोडेच शुक्रवार उरले होते आणि मनात एकच गोष्ट होती. उरलेल्या शुक्रवारांपैकी एक तरी पूर्ण उपासना सुनंदाच्या शेजारी बसून ऐकायची. आयुष्यभर दुसऱ्यांना सोफे विकले, आपल्याला एक खुर्ची हवी होती. फार मागितलं का?

पहिल्याच शुक्रवारी नवा शर्ट घालून, तिची पर्स उचलून, तिच्या शेजारी बसलो. अंग जरा सैल सोडतोय तोच सुनंदा म्हणाली, "अहो, उठा."

"कामून? आत्ता तर बसलोय!"

"आपलं दोघांचं नाव मी सेवेत दिलंय. जाईपर्यंत दर शुक्रवारी."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही भाव केला असता."

हे खरं होतं, म्हणून तर राग जास्त आला! पण भांडायला वेळ कुठला? समोर अन्नम्मा सिस्टर उभ्या होत्या. या केरळच्या. जन्मभर इथल्या दवाखान्यात हेड नर्स होत्या. आता निवृत्त होऊन अख्खं चर्चचं आवार सांभाळतात. एकाच आवारात निरनिराळ्या भाषांच्या मंडळ्या, हॉल मोजके. एक मंडळी बाहेर पडते तोवर दुसरी दारात उभी असते. ही सगळी वाहतूक अन्नम्मा सिस्टर नुसत्या भुवईवर चालवतात.

सुनंदाला त्यांनी लहान मुलांच्या खोलीत पाठवलं. मला खुर्च्यांवर नेमलं.

काम साधं होतं. आम्ही मराठी लोक रांगेत बसतो. (पुढच्याच्या पाठीमागं डुलकी काढता येते.) आमच्यानंतर येणारी नेपाळी मंडळी अर्धगोलात बसते. आमचा शेवटचा 'आमेन' झाला की नेपाळी आत शिरायच्या आधी सगळ्या रांगा वाकवून गोल करायच्या. त्यासाठी मी उपासनाभर मागच्या दाराशी तयारीत उभं राहायचं. म्हणजे सुनंदा भिंतीपलीकडे मुलांना बायबलातल्या बोटीतले प्राणी रंगवायला शिकवतेय आणि मी भिंतीअलीकडे राखण करतोय. बाजारात होतो तेव्हा निदान बसायला विकाऊ सोफा तरी होता!

मी अन्नम्मा सिस्टरना गाठलं. "सिस्टर, आधा उपदेश तो बैठकर सुनने दो।"

"साळवे ब्रदर, सेवा में बैठना नहीं होता।"

"अच्छा, पाव उपदेश?"

त्यांनी भुवई उचलली. मी खुर्ची उचलली.

असे शुक्रवार जात राहिले. आणि मग आमच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस नेमका शुक्रवारी आला. आमच्यात पद्धत आहे, की उपासनेत पाळकसाहेब अशा जोडप्याला उभं करतात, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. आमच्यासाठी हे कधी झालंच नव्हतं. एकट्या बाईला आणि पर्सला कसं उभं करणार? मी ठरवलं, या शुक्रवारी बसायचं म्हणजे बसायचं. दोनच माणसांशी सौदा करायचा होता. मी म्हणजे शुक्रवारच्या बाजारातला मुरलेला माणूस! कुवेती म्हाताऱ्यांना कपाटाच्या भावावरून घाम फोडलेला!

पहिला सौदा नेपाळी मंडळीच्या दिलबहादूरशी. हा शुऐब्याला एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी आहे. मला हवं होतं एवढंच, की त्या दिवशी त्यांच्या खुर्च्या त्यांनी लावून घ्याव्यात. पण हवं तेवढंच मागणारा माणूस बाजारात उपाशी मरतो. मी दुप्पट मागितलं. "भाई, उस दिन हमारी कुर्सियाँ भी आप लगाओ और आपकी भी।"

आता तो म्हणणार, 'हे जमायचं नाही', मग मी छातीवर हात ठेवणार, मग तो थोडं खाली येणार, मग मी, मग चहा. तो म्हणाला, "हो जाएगा, दाजु।" (दाजु म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ.)

हो जाएगा? असं कुठं असतं! मला चुकचुकल्यासारखं झालं. समोरचा एका दमात 'हो' म्हणाला की व्यापाऱ्याला वाटतं, आपलंच काहीतरी फसलंय. तोंडदेखलं काहीतरी वर द्यावं म्हणून मी बाजारातलं नेहमीचं बोललो, "अरे, हॉल आपका ही है। उस दिन जब चाहे आ जाओ।" बाजारात याला कुणी विचारत नाही. मीसुद्धा गिऱ्हाइकाला सांगायचो, 'दुकान तुमचंच आहे.' कुणी किल्ली मागितली नाही कधी!

दिलबहादूरनं माझे दोन्ही हात हातात घेतले. त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, किती भावुक माणूस!

दुसरा सौदा फिलिपिनो मंडळीच्या लिताबाईंशी. त्या पलीकडच्या इमारतीत त्यांच्या मुलांचा वर्ग घेतात. मी म्हटलं, "सिस्टर, उस दिन हमारे सारे बच्चे आप ले लो." माझा हिशेब असा, की त्या निम्मी घेतील, उरलेल्या निम्म्यांना आपापल्या आया सांभाळतील, सुनंदा सुटेल.

"शुअर, ब्रदर! ऑल ऑफ देम!" त्या हसल्या.

पुन्हा तेच! घासाघीस नाही, नाक मुरडणं नाही, दोन पावलं निघून जाऊन परत येणं नाही. मला इतकं अवघडल्यासारखं झालं, की मी म्हणालो, "हमारा की-बोर्ड और माइक चाहिए तो वो भी ले जाओ!"

"ओह, थँक यू!" म्हणाल्या आणि घेऊनच गेल्या.

घरी येऊन सुनंदाला सगळं ऐटीत सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी थांबली. "खरंच बसाल? पूर्ण वेळ?"

"पूर्ण वेळ."

तिनं पुन्हा भाजी चिरायला घेतली. पण गुरुवारी संध्याकाळी कपाटातून जांभळी पैठणी निघाली. जालन्याहून आणली तेव्हापासून तिची घडी मोडली नव्हती.

शुक्रवारी आम्ही पोचलो तर हॉलमधून सनईसारखं काहीतरी ऐकू येत होतं. आत पाहतो तर खुर्च्या अर्धगोलात, खांबांना झेंडूच्या माळा आणि मधोमध लाल साडीतली नवरी!

दिलबहादूर धावत आला. "दाजु! मेरे भतीजे की शादी! दो महीने से हॉल नहीं मिल रहा था। आपने बोला ना, जब चाहे आ जाओ..."

"अरे, पर वो तो बोलने का था!"

"हाँ, आपने ही बोला।"

आता तुम्ही मला सांगा, मी कितीही तापट असलो तरी नवरीला खुर्चीवरून उठवू का? तिकडं माझ्या मागं आमची सगळी मराठी मंडळी जमली. मागून पाहुणे पाळकसाहेब आले. (आमचे नेहमीचे सुट्टीवर गावी गेले होते, हे बहारीनहून त्या एका शुक्रवारपुरते आलेले, कुणाला ओळखत नव्हते.) ते हसून म्हणाले, "वा! इथं लग्न लावायचंय हे मला कुणी सांगितलं नाही!"

"साळवेकाका, आपला हॉल कुठंय?" मागून कुणीतरी विचारलं.

"साळवेकाकांनी विकला," दुसरं म्हणालं. "जुना माल समजून!"

तेवढ्यात अन्नम्मा सिस्टर आल्या. त्यांनी नवरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. भुवई अशी वर गेली की परत येते की नाही अशी शंका आली. "साळवे ब्रदर, आपने ये सब बैठने के लिए किया?"

मी मान खाली घातली. त्यांनी उसासा टाकला. "बच्चों का कमरा खाली है। उधर जाओ सब।"

मुलांची खोली! भिंतीवर कागदी जिराफ, फळ्यावर इंद्रधनुष्य आणि गुडघ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. आमचे एक डॉक्टर मोठ्या देहाचे. ते बसले आणि खुर्ची दिसेनाशी झाली. बायका पैठण्या सावरत बसल्या. पाळकसाहेब बसले ते दोन्ही गुडघे कानाला लागले. माइक नव्हता, की-बोर्ड नव्हता. पलीकडून नेपाळी ढोलक सुरू झाला तेव्हा आमच्या गीतालाही ताल सापडला.

आणि सुनंदानं दुसऱ्या रांगेत एक पिवळी खुर्ची धरून ठेवली होती. तिनं पर्स उचलली आणि खुर्चीवर हलकेच थापटलं. "या ना."

मी बसलो. खुर्ची करकरली, पण टिकली. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. नारळाच्या तेलाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. काय सांगू, मला त्या क्षणी कुठल्याच वस्तूची किंमत करता आली नसती.

तेव्हाच दार उघडलं. वफ्र्याच्या शेतांवरून कामगारांना आणणारी बस उशिरा पोचली होती. बसमधला आपल्याकडचा एकच माणूस आत आला. पिकलेले केस, धुऊन पांढरा पडलेला शर्ट. बीडकडचा शांतवन. काकडीच्या हरितगृहात काम करतो. खोलीत खुर्ची उरली नव्हती. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

खुर्च्यांचं काम कुणाकडं? माझ्याकडं! मी त्याच्याकडं न बघता जिराफाकडं बघू लागलो. कोपऱ्यात उभ्या अन्नम्मा सिस्टर माझ्याकडं बघू लागल्या. शेवटी मी उठून त्याच्याजवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "दादा, असं करू. अर्धा उपदेश तुम्ही बसा, अर्धा मी."

"नको, मालक. तुम्ही बसा पुरता. बाई वाट बघायल्यात तुमची," तो म्हणाला. "माझी घरवाली गेवराईला हाय. तीन साल झाले बघितलं नाही. मला उभं राह्याची सवयच हाय."

पुन्हा तेच! एका दमात सगळं देऊन मोकळा! असल्या माणसाशी सौदा करायचा तरी कसा? मी त्याला दंडाला धरून नेलं आणि पिवळ्या खुर्चीवर दाबून बसवलं. सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. मी जमेल तेवढं हसलो आणि दाराशी जाऊन उभा राहिलो. तीच जागा, फक्त भिंत वेगळी.

उपदेश संपला. पाळकसाहेब हातातली चिठ्ठी बघून म्हणाले, "आज सुनंदाताई साळवे आणि त्यांच्या यजमानांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. दोघांनी उभं राहावं. आपण प्रार्थना करू."

सुनंदा डोळे मिटून उभी राहिली. शांतवनला वाटलं, प्रार्थना म्हणजे सगळेच उभे राहणार. तोही डोळे मिटून उभा राहिला. मी तर आधीपासूनच उभा! माझ्या उभं राहण्यानं कुणाला काय कळणार?

पाळकसाहेबांनी एक हात सुनंदाच्या डोक्यावर ठेवला, दुसरा शांतवनच्या.

मी ओरडायला तोंड उघडलं. अन्नम्मा सिस्टरनी ओठांवर बोट ठेवलं. प्रार्थना चालू झाली होती. "प्रभू, या दोघांना एकमेकांपासून दूर ठेवू नकोस. एका ताटावर जेवू दे. म्हातारपणी एकमेकांचा हात हाती राहू दे..."

शांतवनच्या गालावरून पाणी वाहत होतं. ओठ हलत होते, बहुतेक बायकोचं नाव घेत असावा. मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं. घेऊ दे त्याला. आमचं एका ताटावरचं जेवण रोजचंच आहे. त्याचं कधी, कुणाला ठाऊक?

"आमेन," तो बीडच्या आवाजात म्हणाला. सुनंदानं दचकून डोळे उघडले, शेजारी पाहिलं, मग वळून मला शोधलं. मी दारातून हात हलवला. तिनं पदर तोंडाला लावला. हसत होती की दुसरं काही, मला इतक्या लांबून दिसलं नाही.

उपासना संपल्यावर मी लहान खुर्च्या एकात एक घालत होतो. पाळकसाहेब माझ्याजवळ आले. "किती मनापासून सेवा करता हो! सगळा वेळ उभे होतात. एकटेच आलात?"

"आलो होतो बायकोबरोबर, साहेब. पण तुम्ही प्रार्थना करेपर्यंतच."

त्यांना काय अर्थ लागला देव जाणे. त्यांचा चेहरा करुणेनं भरून आला. त्यांनी तिथल्या तिथं माझ्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि या एकाकी भावाला लवकरच सुयोग्य जोडीदार मिळावा अशी कळकळीची प्रार्थना केली. आणि मागून, सगळ्यांत मोठ्यानं, "आमेन!" कोण म्हणालं? पैठणी नेसलेली माझी बायको!

तर स्थळ कळवायला हरकत नाही. वय चौसष्ट, इकामा मेपर्यंत, स्वभाव तापट, खुर्च्या लावण्याचा दांडगा अनुभव. शेजारी बसणारी हवी.