चिठ्ठी वाच बरं, सूनबाई!

गोधडीसाठी चिंध्या साठतात तसे माझ्याकडे शाळेचे किस्से साठलेत. चिंध्यांची निदान गोधडी तरी होते. या किश्श्यांचं काय करायचं? आणि शाळा माझी असती तर गोष्ट वेगळी. शाळा माझ्या लेकीची, सुमनची! मी सातवी झाले आणि लगेच माझं लग्न झालं. पुढची आठवी ते अकरावी मॅट्रिक मी केली ती इथे लोणारला, चुलीपुढे बसून, जीव मुठीत धरून.

जीव मुठीत कशासाठी, ते आधी सांगते.

सुमन सातवी पास झाली तेव्हा मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "पोट्टी शिकली तेवढी पुरे झालं." मी सुमनच्या वडलांना पुढे केलं. हे सरकीच्या कामाने आठवड्यातले चार दिवस खामगावला, घरी आले की बोलणार दोन शब्द. पण ते दोन शब्द बोलले. मामाजींनी बराच वेळ तंबाखू मळली.

"ठीक हाये. जाऊ द्या शाळेत. पण तक्रारीची एक चिठ्ठी जरी घरी आली, तं दप्तर खुंटीले. मंग मले कोनी काही म्हनू नका!"

माझ्या बाजूची एकच गोष्ट होती. मामाजी जुन्या काळी मोडी लिपी शिकलेले. "हे तुमचं बाळबोध अक्षर आपल्याच्यानं वाचनं होत नाही," म्हणायचे. त्यामुळे घरात आलेला कागद मी वाचायची. डोक्यावर पदर, दाराआड उभी, नजर कागदावर.

*

पहिली चिठ्ठी आठवीत, पंधरा दिवसांत!

शाळेने सांगितलं, निळा परकर आणि पांढरं पोलकं पाहिजे. निळं कापड आणायचं कुठून? मी यांच्या जुन्या धोतराचा परकर शिवला आणि कपड्यांना घालतो ती नीळ पुडीच्या पुडी ओतून त्यात बुडवला. असा सुरेख रंग आला म्हणता! शेजारीण म्हणाली, "बाई, कोन्या दुकानातून आनला?" मी दिवसभर फुलून होते.

वर्ग पत्र्याचा, दिवस उकाड्याचे. सुमनला घाम आला आणि परकराचा रंग सुटला. मग बाक निळा, बाकावरच्या शेजारणी निळ्या. भूगोलाच्या बाई वह्या तपासायला बाकावर टेकल्या, त्याही निळ्या!

शिपाई चिठ्ठी घेऊन आला. मामाजी ओसरीवरून म्हणाले, "काय लिहिलं? वाच बरं, सूनबाई!"

चिठ्ठीत 'डाग', 'नुकसान', 'समज द्यावी' असे शब्द. मी घसा साफ केला आणि वाचलं, "आपल्या सुमनची छाप साऱ्या वर्गावर पडली आहे."

मामाजी खूश! "पंधरा दिवसात? वा रे पोट्टी!"

*

नववीत पुण्याकडून मराठीचे नवे सर आले. एक दिवस त्यांनी विचारलं, "पाठ का वाचला नाहीस?"

सुमन म्हणाली, "सर, मले पुस्तक नाही भेटलं."

सरांनी खडू ठेवला. "पुस्तक भेटत नाही, मिळतं. भेटतात ती माणसं. मिळते ती वस्तू. लिहून घ्या सगळ्यांनी."

आता आमच्या लोणारात साखर भेटते, रॉकेल भेटते, नशीब असलं तर बीबी गावची एस. टी. सुद्धा भेटते. आणि हे म्हणतात भेटत नाही! बरं, लिहून घ्यावं आणि गप बसावं की नाही? आमची बया उभी राहिली.

"मंग सर, पोरीले नवरा भेटते का मिळते?"

वर्ग म्हणे घंटा होईपर्यंत हसत होता.

मी आडावरून आले तर मामाजी ओसरीवर, चिठ्ठी त्यांच्या हातात. उलटी करत होते, सुलटी करत होते. माझ्या डोक्यावरची घागर हिंदकळली. "तुझीच वाट पाहून राह्यलो. वाच बरं."

सरांनी सगळं लिहिलं होतं. भेटणं, मिळणं, माणसं, वस्तू, नवरा, आणि शेवटी 'उद्धट'. मी वाचलं, "सुमनला व्याकरणाची गोडी आहे. बारीक बारीक शंका विचारते."

"एवढंच? कागद तं भरलेला दिसते."

"सरांचं अक्षर मोठं हाये, मामाजी."

चिठ्ठी मी तशीच चुलीत घातली, तिच्यावर भाकर भाजली आणि सुमनला आत ओढलं. "तुले काय पडलं होतं नवऱ्याचं?"

"मले नाही पडलं, माय. सरच म्हने, वस्तू आन मानसं वेगळी. मंग नवरा कशात टाकू?"

सांगा आता, हिला मारू का हिच्या पाया पडू!

*

चिठ्ठीची भीती होतीच, वर नापास व्हायची. म्हणून त्याच वर्षी मी ठरवलं की इंग्रजीचं पाठांतर मी घेणार. मला इंग्रजीतलं एक अक्षर येत नाही, पण पुस्तक धरून समोर बसायला काय लागतं? ती म्हणायची, मी ओळीवरून बोट फिरवायची. ती थांबली की मी मान हलवायची. "बरोबर. पुढे."

आठ दिवस माझी मान हलत होती. सुमन शहाण्या पोरीसारखी रोज घडाघडा म्हणत होती. मला वाटलं, पहिला नंबर कुठे जात नाही!

नवव्या दिवशी ती फिसकन हसली. "माय, आठ दिवसांपासून त्याच दोन ओळी म्हनून राह्यली मी. तुले समजते का ते पाहत होती."

मी पुस्तक फेकून मारलं. ते मांजराला लागलं. मांजर दोन दिवस घरी आलं नाही.

*

दहावीत रसायनाच्या सरांनी सांगितलं, तळ्याचं पाणी बाटलीत घेऊन या. लोक कुठून कुठून आमचं खारट तळं पाहायला येतात, आणि ही पोरगी सकाळी उतरून पाणी घेऊन आली. बाटली ठेवली कुठे? कोनाड्यात! मामाजींच्या काढ्याच्या बाटलीशेजारी! दोन्ही बाटल्या एका मापाच्या, त्याच त्या वैद्याच्या.

शाळेची घाई. तिने चुकीची उचलली.

सरांनी साऱ्या वर्गापुढे तळ्याचं पाणी म्हणून मामाजींचा काढा तपासला. लिटमस कागदाचा रंग बदलायचा तो बदलेना. सरांनी वास घेतला तर सुंठ, ओवा! चिठ्ठी आली, 'शिक्षकांची थट्टा केली.'

इकडे मामाजींनी दुपारी डोळे मिटून दोन चमचे तळं घेतलं. मला कळलं तेव्हा ते पोटात गेलेलं. मी दारातच बसले. म्हातारा माणूस, काही झालं तर? त्या रात्री मी ओसरीकडे कान लावून पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी परसाकडून आले ते ताठ चालत. "सूनबाई, वैद्याले निरोप धाड. म्हन, वास मारते, पण ह्या खेपेचा काढा लय जोरदार हाये. असाच देत जा!"

चिठ्ठीचं काय? मी वाचलं, "सुमनचा औषधांचा अभ्यास आहे."

"ते तं दिसतेच," मामाजी म्हणाले.

*

अकरावी अर्धी सरली आणि एका बाजाराच्या दिवशी जे व्हायला नको ते झालं. मी वांगी निवडत होते. मामाजी पुढे, आणि समोरून मराठीचे सर, हातात पिशवी. मी पदर इतका पुढे ओढला की मला वांगीही दिसेनात.

"रामराम, सर! तुमच्या चिठ्ठ्या लय गोड राह्यतात बुवा!"

सर थबकले. "गोड?"

"हाव! आमची सून वाचून दाखवते, तं ऐकतच राहावं वाटते."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. पदराआडूनही मला ते कळलं. मी मनात म्हटलं, गेलं! दप्तर गेलं, खुंटी आली. चार महिन्यांवर मॅट्रिक, आणि इथे वांग्यांच्या ढिगापुढे सगळं संपलं.

सर म्हणाले, "छान वाचतात त्या. माझंच लिहिणं सुधारायला हवं."

त्यानंतर सरांची चिठ्ठी आली नाही. तरी दारात शिपायासारखी टोपी दिसली की अजून माझ्या हातातली भाकर तुटते.

*

आणि मग बीबीचे पाहुणे आले. घर चांगलं, विहीर बारमाही, मुलगा एकुलता. मी म्हटलं ना, चिठ्ठीची भीती होती. ही भीती तर चिठ्ठीशिवायच दारात आली, आणि तीही फेटा बांधून!

मुलाचे काका पुण्याला कारकुनी करून आलेले. आमच्यात बसूनही शुद्ध बोलायची हौस. सुमनने पोहे ठेवले, पाया पडली आणि आत येऊन बीजगणित उघडून बसली. ओळ एकच, पान उलटेना. मी दाराआड, हातात रिकामं ताट.

काका म्हणाले, "खरं सांगतो, आमच्या मुलाला अशी मुलगी मिळाली, तर आम्हाला दुसरं काही नको. माघात उरकून टाकू. मॅट्रिकचं काय एवढं? शेवटी चूलच तर सांभाळायची!"

मामाजी तंबाखू मळत होते. मळतच होते. मी हातातलं ताट पोटाशी दाबून धरलं.

"पाहुने," मामाजी म्हणाले, "एक चुकलं तुमचं."

"काय चुकलं?"

"मिळते ते वस्तू. मानसं भेटतात."

काकांनी पोह्यांचा घास तसाच हातात धरला. दाराआड मला ती चुलीत गेलेली चिठ्ठी आठवली; हे तर मी वाचून दाखवलंच नव्हतं!

"पोट्टी उन्हाळ्यात मॅट्रिक होईन. मंग या. तिच्या मनात असलं, तं भेटन तुमाले."

मग मान न वळवता त्यांनी दाराकडे हाक मारली, "सूनबाई, चहा मांड! साखर नसन घरात, तं दुकानात भेटते."