पत्र्याखालचं मेण आणि हणमशेट्टी सर

हणमशेट्टी सर आमच्या दारात पहिल्यांदा आले ते खांद्यावर शिडी घेऊन. मला वाटलं, पत्रे बदलणारे आले. कॉलेजात शिकवणारे एवढे घामाघूम कशाला होतील? त्या सरांना आता साठ वर्षं पूर्ण होताहेत. मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात लिहिते.

आमची वस्ती विडीकामगारांची. उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी. त्या वर्षी सून रेणुका बाळंतीण होती. नातू सातव्या महिन्यातच जन्मलेला, मुठीएवढा. "आत्या, हितं माझं लेकरू जगणार न्हाय. मी म्हायेरी, केम गावाला जाते," रेणुका म्हणायची. डॉक्टर मात्र म्हणालेले, सोलापूर सोडू नका.

पत्र्याची घरं गार ठेवायचा प्रयोग म्हणून सरांनी पत्र्याखाली मेणाच्या चपट्या पिशव्या बसवल्या. "आजी, दिवसा हे मेण उष्णता पिऊन वितळेल, रात्री गार वाऱ्यानं पुन्हा घट्ट होईल."

"व्हय का? मग एक मेणबत्ती लावून बसलो असतो की गारव्याला!"

सर पोट धरून हसले.

पहिल्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्यापासून घर पुन्हा तापलं. नातवाच्या अंगभर घामोळं, दूध ओढेना. रेणुकानं बोचकं बांधलं. सकाळीच सर आले, पिशवी दाबून पाहिली. मेण पातळच!

"आजी, रात्री खिडक्या उघडत नाही?"

"कशी उघडू? विडीची भिजवलेली पानं वाऱ्यानं वाळून कडक झाली तर विडी वळंल का?"

दुसरा कुणी असता तर माझ्या अडाणीपणावर भाषण झालं असतं. सर म्हणाले, "चूक माझी. तुमचं काम कसं चालतं, हे मी विचारलंच नाही."

दुपारच्या आत ते पानांसाठी झाकणाचा डबा आणि ओलं गोणपाट घेऊन आले. मांजर येऊ नये म्हणून खिडकीला जाळीही स्वतःच ठोकली. खिळे सगळे वाकडे, पण जाळी टिकली. पुढं तीन दिवस रोज सकाळी येऊन मेण दाबून पाहत होते. तिसऱ्या दुपारी नातू पोटभर प्याला आणि गाढ झोपला. रेणुकानं बोचकं सोडलं.

आता सर नव्या कुणाच्या घरी मेण बसवायला गेले की आधी बायकांशेजारी बसून त्यांचं काम बघतात, मग शिडी लावतात.

सर, नातू यंदा शाळेत जातोय. त्याच्या लग्नाच्या पंगतीत तुम्ही ताठ मांडी घालून बसायचं, दोनदा वाढून घ्यायचं. तोवर मी असेन-नसेन. तुम्ही मात्र असायलाच हवं.