आकाराम गुळव्याचे कान

आमच्या गावात हल्ली आकाराम गुळव्याला ‘बहिरा आकाराम’ म्हणतात. पोरंसोरं म्हणतात, त्यांचे बाप म्हणतात, आणि ज्याच्या गुऱ्हाळात त्याचे कान गेले तो माझा सख्खा थोरला भाऊ गणपतरावही म्हणतो. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत मास्तरकी करतो. चुकलेल्याला हटकायची सवय अंगात मुरली आहे, म्हणून दर वेळी हटकतो. बहिरा नव्हे, बहिरा केलेला म्हणा. लोक हसतात. जोतीराम मास्तरला शहराचं वारं लागलं, म्हणतात. हसू देत. त्यांना आकारामतात्याचे कान काय होते ते ठाऊक आहे आणि तरी हसतात, याचाच मला संताप येतो.

पेठ वडगावच्या अलीकडे कोसभर आमचं गाव. उसाला तोटा नाही आणि गूळ करणाऱ्या गुळव्यांनाही तोटा नाही. बाकीचे गुळवे काहिलीतल्या, त्या मोठ्या पसरट कढईतल्या, रसाचा रंग बघत, पाक बोटावर घेऊन पाण्यात बुडवत, गोळी होते का बघत. तात्याही हे सगळं करायचा, पण बघणाऱ्यांच्या समाधानासाठी. त्याचा भरवसा कानावर. रस काहिलीत पडला की आधी नुसता सुस्कारे टाकतो, मग भदाभदा उकळतो, मग रटरटतो, आणि अगदी शेवटी त्याचा आवाज बसतो. घसा धरलेल्या माणसासारखा. ती वेळ पकडायची.

“रस बोलायचा थांबला की उतरायचा,” तात्या मला म्हणायचा. “डोळं फसत्यात मास्तर. वाफंत काय दिसतंय? कान न्हाईत फसत.”

ती वेळ आली की तो उजवा हात वर करायचा आणि सगळं गुऱ्हाळ गप व्हायचं. चरकाचे बैल तर कुणी न सांगता उभे राहत. मोळ्या टाकणारे गडी, रस प्यायला आलेले वाटसरू, सगळे श्वास धरून उभे. तेवढ्या वेळात उसाचा पाला सळसळलेला ऐकू यायचा, ओढ्यातली टिटवी ऐकू यायची. ती टिटवी तिथं बारा महिने ओरडत असणार, पण आम्ही ती ऐकायचो तात्याचा हात वर गेल्यावरच. मग तात्या ओरडायचा, “उतरा!” आणि चार गडी काहिलीला भिडायचे. तीस वर्षांत त्याचं गुळाचं एकही आधण करपलं नाही की चिकट राहिलं नाही.

काहिलीच्या पलीकडे, खालच्या अंगाला, चुलवाणाच्या तोंडाशी त्याची बायको तानाबाई, आमची तानाक्का, बसायची. वाळलेली चिपाडं आत सारून जाळ राखायचं काम तिचं. मध्ये कुडाचा आडोसा, त्यामुळे नवरा-बायको एकमेकांना दिसत नसत. पण ऐकू येत. चारचौघांत नवऱ्याचं नाव न घेणारी, सासऱ्यासमोर मान वर न करणारी ही बाई त्या आडोशाआडून दिवसभर नवऱ्याशी बोलायची. आमच्याकडच्या बायका बोलतात तशी, गड्यासारखी.

“अवं, म्हशीचं दूध आटलंय.”

“मग मी काय करू? जाळ कमी कर जरा.”

“केला. तुमी गूळ बगा, म्हशीचं मी बगतो.”

लेकीचं लग्न त्या दोघांनी आडोशाच्या दोन बाजूंना बसून ठरवलं. सगळं गुऱ्हाळ त्यात मतं देत होतं. घरात त्यांना एवढं बोलायला सवड तरी कधी होती? दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत त्यांचा संसार तिथंच.

मग १९५० साली इंजिन आलं. आणलं कुणी? पैसे गणपतरावाचे, पण डोक्यात भरवलं मी. मी! पेपरात वाचून आलो होतो. बैलांचे हाल थांबतील, दिवसाला दुप्पट काहिली निघतील, जग कुठं चाललंय आणि आपण कुठं, असं पुष्कळ बोललो. इंजिनाला हळदकुंकू लागलं तेव्हा नारळही मीच फोडला. बैलांचे हाल थांबले हे खरं आहे. मी यंत्राचा वैरी नाही, रोज सायकलवर टांग मारून शाळेत जातो. इंजिन चालू केल्याचा मला राग नाही. एका माणसासाठी ते घटकाभर बंद करावं असं सहा वर्षांत कुणाला वाटलं नाही, राग त्याचा आहे.

इंजिन बसवलं काहिलीपासून पाच हातांवर, कारण चरकाला जोडायचा पट्टा तेवढाच लांब होता. पहिल्याच दिवशी तात्यानं हात वर केला. गडी गप झाले. इंजिन कसलं गप होतंय! ते आपलं फटफटतच राहिलं. तात्या काहिलीवर वाकला, आणखी वाकला, वाफेनं तोंड लाल झालं. मग सरळ होऊन गणपतरावाजवळ गेला.

“मालक, एवढी काहील उतरूस्तवर जरा इंजन बंद ठेवा की. एकच घटका.”

“‘हो’ म्हटल्यावर उभं ऱ्हायाला ते काय बैल हाय व्हय, तात्या? एकदा बंद केलं की दोन गड्यांनी हँडल मारून दम जातोय. तुमाला डोळं हायत की. बाकीचं गुळवं कसं करत्यात?”

तात्या परत फिरला. डोळ्यांनी, बोटांनी करू लागला आणि गूळ पहिल्यासारखाच होऊ लागला. झालं! गूळ चांगला निघतोय म्हटल्यावर तक्रार कसली? मीही मनात तेच म्हटलं.

पण गुऱ्हाळातलं बोलणं मेलं. रस्त्यानं जाणारा पावणा पूर्वी तासभर टेकायचा, गावोगावच्या बातम्या सांगायचा. आता त्याच्या हातात रसाचा तांब्या द्यायचा, त्यानं तो घटाघटा प्यायचा, हातानं रामराम करून चालू पडायचं. आणि आडोशाच्या दोन बाजूंना बसलेली ती दोघं? जाळ कमी कर म्हणून तात्या बेंबीच्या देठापासून ओरडायचा, तानाक्काला ओ की ठो कळायचं नाही. शेवटी तात्यानंच तोड काढली. चऱ्हाटाचा एक तुकडा घेतला, एक टोक स्वतःच्या डाव्या मनगटाला, दुसरं तिच्या. त्यानं एकदा ओढलं की जाळ कमी, दोनदा ओढलं की जाळ वाढव. कळलं म्हणून तिनं उलट ओढायचं. बस्स, एवढंच. म्हशीचं दूध, लेकीचं सासर, यातलं काही दाव्यातून जात नव्हतं.

गणपतरावाला ही युक्ती फार आवडली. येईल त्याला दाखवायचा. दावणीला बांधलेल्या जनावरासारखी ती दोघं दिसत, आणि लोक कौतुकानं बघत. मीही बघितलं.

तिसऱ्या हंगामात एका रविवारी मी गावी गेलो होतो. तात्या मला बाजूला घेऊन म्हणाला, “मास्तर, घरी गेलो तरी कानात इंजन चालतंय बगा. जेवताना चालतंय, देवळात बसलो तरी चालतंय.”

मी शिकलेला माणूस. मी काय म्हणालो? “सवय होईल, तात्या.” हे वाक्य मी बोललो, आणि हसत बोललो.

१९५४ च्या पौषातली गोष्ट. भर दुपार, वारा सुटलेला. काहिलीचा जाळ हवा तेवढा चढेना म्हणून तात्यानं दोनदा दावं ओढलं. पलीकडून हिसका आला. म्हणजे तिला कळलं. तरी जाळ वाढेना. त्यानं पुन्हा दोनदा ओढलं. पलीकडून हिसक्यांवर हिसके आले. तात्याला वाटलं, वैतागली. कळलं, कळलं म्हणते आहे. तो मनाशी हसलासुद्धा. हे त्यानं मला नंतर स्वतः सांगितलं.

तानाक्काच्या मागची चिपाडांची गंज पेटली होती. पदर पेटला होता. ती जिवाच्या आकांतानं ओरडत होती आणि दावं ओढत होती. आडोशापलीकडे पाच हातांवर तिचा नवरा, दहा हातांवर चार गडी, इंजिनाशेजारी गणपतराव. एकालाही ऐकू आलं नाही. चिपाडं घेऊन आलेल्या गुंडू नावाच्या गड्यानं बघितलं, घोंगड्यात गुंडाळून तिला बाहेर ओढली. दावं ताणून तात्या आडोशावर आदळला, तेव्हा त्याला कळलं.

कोल्हापूरच्या दवाखान्यात ती दोन महिने होती. वाचली. डावा हात खांद्यापर्यंत भाजला, त्या हाताची बोटं आत वळली ती वळलीच. मी रोज शाळा सुटली की जायचो. तात्या खाटेजवळ खाली बसून असायचा. तिथल्या डॉक्टरांनी एकदा तात्याच्याच कानाला आपलं घड्याळ लावलं. या कानाला, त्या कानाला. तात्या नुसता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. “कशाजवळ काम करतात हे?” डॉक्टरांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे गेले.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी हे गणपतरावाला सांगितलं, तर त्याला आयतं निमित्तच सापडलं.

“बगा! म्हंजी हा बहिराच हुता. त्यानं सांगाय नगं हुतं? बहिऱ्या नवऱ्यापायी बाई भाजली, आनि नाव माज्या इंजनाचं.”

“दादा, तू बहिरा हाईस का?” मी विचारलं. “मग तुला का न्हाय ऐकू आलं?”

तो पायऱ्या उतरून चालू लागला. पण गावात त्याचंच बोलणं पसरलं. बहिऱ्या नवऱ्यापायी बाई भाजली. ज्यानं कान घेतले ते साळसूद, आणि ज्याचे गेले तो गुन्हेगार! वर कळस म्हणजे, कान गेलेला गुळव्या ठेवून जोखीम नको म्हणून पुढच्या हंगामाला गणपतरावानं ज्ञानू नावाचा नवा गुळव्या आणला. मी भांडलो. भावाभावांत चार महिने बोलणं नव्हतं. तात्या मात्र कुणाशी भांडला नाही, कारण गाव म्हणतं ते त्याला पटलं होतं. “तिनं वडलं, मास्तर,” तो म्हणायचा. “आनि मी उलट दोनदा वडलं. जाळ वाढीव म्हटलं मी तिला.” काही बोलून तरी त्याला ऐकू कुठं जाणार?

१९५६ च्या दिवाळीनंतर नवा हंगाम सुरू झाला. पहिल्या आधणाला गावातल्या जुन्या गुळव्याला बोलवून नारळ द्यायची आमच्याकडे रीत आहे. गणपतरावानं तात्याला बोलावलं, तानाक्काही आली. मी आदल्या दिवशीच ठरवून गावी गेलो होतो. नारळ देऊन झाल्यावर मी म्हणालो, “पहिलं आधण तात्या उतरील. कानानं. इंजिन बंद कर.”

“जोत्या, वरसाचा पयला दिवस हाय, तमाशा करू नगंस. त्येला ऐकू कुठं येतंय?”

“तू बंद तर कर. सहा वर्षांत एकदा.”

मला खरंच वाटत होतं. कुठंतरी थोडं शिल्लक असेल. इतकी वर्षं त्या कानांनी रसाचा बसलेला आवाज टिपला, ते कान एवढ्या सहजी जातील? काहील रटरटायला लागली होती. तात्या सवयीनं तिच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि डोळे मिटून त्यानं उजवा हात वर केला. गणपतराव जागचा हलला नाही. मग मीच गेलो आणि इंजिनाच्या तेलाचा खटका बंद केला. फटफट संथ झाली, चाक दोन-चारदा फिरलं आणि थांबलं.

सहा वर्षांनी गुऱ्हाळ गप झालं. पाला सळसळला. ओढ्यातली टिटवी ओरडली. ती अजून तिथंच होती. काहिलीतला रस रटरटता रटरटता हळूहळू बसत चालला. तो मलाही ऐकू येत होता, गणपतरावालाही, नव्या ज्ञानूलाही. तानाक्का पदराआड हात धरून नवऱ्याकडे बघत होती. सगळे तात्याच्या तोंडून “उतरा!” ऐकायला थांबले होते.

तात्यानं डोळे उघडले. गणपतरावाकडे वळून तो मोठमोठ्यानं, इंजिनावर आवाज चढवून ओरडायला लागला, “मालक! एवढी काहील उतरूस्तवर जरा इंजन बंद ठेवा की. एकच घटका!”

“बंदच हाय, तात्या,” गणपतराव हळू म्हणाला.

तात्यानं त्याच्या हलणाऱ्या ओठांकडे बघितलं. हँडल मारून गड्यांचा दम जातो हेच तो पुन्हा सांगतोय, असं त्याला वाटलं असावं. त्यानं वर केलेला हात खाली घेतला, मान हलवली आणि म्हणाला, “ऱ्हाऊ द्या मग. बघतो डोळ्यानंच.”